कार्यालयीन फाइल सर्व्हर : जुन्याचे नूतनीकरण की नव्या संगणकाची खरेदी?

सारांश

महाविद्यालयीन कार्यालयांत संगणकाचा वापर सुरू होऊन आता बराच काळ लोटला आहे. प्रवेश, परीक्षा, वेतन, शिष्यवृत्ती आणि पत्रव्यवहार यांच्या संचिका अनेक ठिकाणी एका सामायिक फाइल सर्व्हरवर साठविलेल्या असतात. हा सर्व्हर जुना झाला की त्यात नवे भाग बसवावेत, की नवा संगणक विकत घ्यावा, असा प्रश्न खरेदी समितीपुढे उभा राहतो. प्रस्तुत लेखात वेग, सुट्या भागांची उपलब्धता, हार्ड डिस्कचे आयुष्य, कार्यप्रणालीची सुरक्षितता, वार्षिक खर्च व जुन्या मराठी दस्तऐवजांची वाचनीयता या निकषांच्या आधारे या प्रश्नाचे विवेचन केले आहे. यंत्राच्या किमतीपेक्षा त्यातील माहितीची सुरक्षितता हा निर्णयाचा पहिला निकष असावा, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : फाइल सर्व्हर, नूतनीकरण, हार्ड डिस्क, कार्यप्रणाली, बॅकअप, युनिकोड, निर्लेखन.

प्रस्तावना

कार्यालयातील कपाट जुने झाले तर त्याला रंग देता येतो, बिजागरी बदलता येते आणि त्यातील कागद सुरक्षित राहतात. सर्व्हरचे तसे नाही. तो वरून सुस्थितीत दिसत असतानाच एके दिवशी सुरू होत नाही आणि त्या दिवसापर्यंत त्याच्याकडे कोणाचेही लक्ष गेलेले नसते. पंधरा वर्षांपूर्वी उत्तीर्ण झालेला एखादा विद्यार्थी नोकरीच्या पडताळणीसाठी गुणपत्रकाची नोंद मागतो, एखादा सेवानिवृत्त कर्मचारी वेतननिश्चितीची जुनी प्रत मागतो, तेव्हा त्या यंत्राचे खरे मोल कळते. सर्व्हरविषयीचा निर्णय हा केवळ खरेदीचा विषय नसून अभिलेख जतन करण्याचाही विषय आहे.

प्रत्यक्षात मात्र हा निर्णय बहुधा दोनच गोष्टींवर घेतला जातो. एक म्हणजे यंत्र 'हळू चालते' ही तक्रार, आणि दुसरी म्हणजे विक्रेत्याने दिलेले दरपत्रक. या दोन्ही गोष्टी अपुऱ्या आहेत. तक्रारीचे कारण अनेकदा सर्व्हरमध्ये नसतेच, आणि दरपत्रकात यंत्राची किंमत असली तरी त्याच्या उरलेल्या आयुष्याचा हिशेब नसतो.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे

१. फाइल सर्व्हरच्या मंद गतीची कारणे स्पष्ट करणे.
२. जुन्या सर्व्हरमधील कोणते भाग बदलता येतात व कोणते येत नाहीत, हे सांगणे.
३. नूतनीकरण व नवी खरेदी यांच्या वार्षिक खर्चाची तुलना करण्याची पद्धत मांडणे.
४. निर्णय घेताना पाळावयाचा क्रम सुचविणे.

विवेचनासाठी एक नमुन्यादाखल कार्यालय गृहीत धरले आहे. त्यात दहा संगणक, २०१२ मध्ये घेतलेला टॉवर प्रकारचा एक सर्व्हर, चार जीबी डीडीआर-३ स्मृती, प्रत्येकी ५०० जीबीच्या दोन हार्ड डिस्क, विंडोज सर्व्हर २००८ आर-२ ही कार्यप्रणाली आणि १०० मेगाबिट क्षमतेचा जुना नेटवर्क स्विच आहे, असे मानले आहे.

फाइल सर्व्हरचे स्वरूप

फाइल सर्व्हर म्हणजे संचिका एका ठिकाणी ठेवून त्या कार्यालयातील इतर संगणकांना नेटवर्कमार्फत उपलब्ध करून देणारा संगणक होय. या कामासाठी मोठ्या गणनशक्तीची आवश्यकता नसते. सर्व्हरला पत्र टंकलिखित करावे लागत नाही की वेतनाची आकडेमोड करावी लागत नाही, ते काम टेबलावरील संगणक करतात. मागितलेली संचिका डिस्कवरून वाचणे, ती पाठविणे, बदललेली संचिका पुन्हा साठविणे आणि कोणाला काय पाहण्याचा अधिकार आहे हे तपासणे, एवढेच त्याचे कार्य आहे. म्हणूनच दहा-बारा वर्षांपूर्वीचा प्रोसेसरही दहा संगणकांच्या कार्यालयाला पुरेसा ठरू शकतो, आणि 'नवा, अधिक वेगवान प्रोसेसर' हे खरेदीचे समर्थन बहुतेक वेळा गैरलागू ठरते.

१. वेग : अडथळा नेमका कोठे आहे?

पाण्याची टाकी कितीही मोठी असली तरी नळ बारीक असेल तर बादली सावकाशच भरते. सर्व्हरच्या बाबतीत डिस्क ही टाकी, तर नेटवर्क हा नळ आहे. १०० मेगाबिटच्या जोडणीतून सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट एवढीच माहिती वाहू शकते. नमुना कार्यालयातील २०१२ ची हार्ड डिस्क मात्र सलग वाचनात याच्या कितीतरी पट माहिती देऊ शकते. अशा ठिकाणी सर्व्हरमध्ये महागडी सॉलिड स्टेट डिस्क बसविली, किंवा संपूर्ण नवा सर्व्हर आणला, तरी मोठ्या संचिका पाठविण्याचा वेग जवळजवळ तेवढाच राहील.

हेच गणिताने पाहता येईल. दहा जीबीची छायाचित्रे पाठविण्यास १०० मेगाबिटच्या नेटवर्कवर सैद्धांतिकदृष्ट्या ८०० सेकंद, म्हणजे तेरा मिनिटांहून अधिक काळ लागतो. गिगाबिट नेटवर्कवर हेच काम ८० सेकंदांत होते. प्रत्यक्षात दोन्ही ठिकाणी काही वेळ अधिक लागेल, परंतु प्रमाण तेच राहील. त्यामुळे सर्व्हरला हात लावण्यापूर्वी स्विच, तारा आणि संगणकांतील नेटवर्क कार्ड तपासणे आवश्यक आहे. स्विच व तारा बदलण्याचा खर्च सर्व्हरच्या तुलनेने किरकोळ असतो, आणि पुढे नवा सर्व्हर घेतला तरी तो वाया जात नाही.

मात्र तक्रार मोठ्या संचिकांची नसून हजारो लहान संचिकांची असेल, तर कारण वेगळे असते. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कची एक फेरी सुमारे ८.३ मिलिसेकंदांत पूर्ण होते, म्हणजे हवी असलेली जागा वाचकाखाली येण्यासाठी सरासरी ४.२ मिलिसेकंद थांबावे लागते. वाचक योग्य रेषेवर नेण्याचा वेळ त्यात मिळविला तर सेकंदाला साधारणतः ८० ते १०० वेगवेगळ्या जागाच वाचता येतात. सॉलिड स्टेट डिस्कमध्ये फिरणारा भाग नसल्याने हेच प्रमाण हजारोंच्या घरात जाते. एकाच वेळी आठ-दहा जण लहान संचिका उघडत असतील तर डिस्क बदलल्याने निश्चित फरक पडतो. तक्रारीचे स्वरूप समजून घेतल्याशिवाय उपाय ठरवू नये, हा यातून मिळणारा बोध आहे.

२. काय बदलता येते आणि काय येत नाही

नूतनीकरणाच्या दृष्टीने सर्व्हरच्या भागांचे तीन गट पाडता येतात. पहिल्या गटात सहज व स्वस्तात बदलता येणारे भाग येतात : पंखे, मदरबोर्डवरील तीन व्होल्टची नाणेवजा बॅटरी, हार्ड डिस्क आणि प्रमाणित आकाराचा वीजपुरवठा संच. सर्व्हर दर वेळी चुकीची तारीख दाखवीत असेल तर बहुधा ही लहानशी बॅटरीच संपलेली असते. त्यासाठी नवे यंत्र घेण्याची गरज नाही.

दुसऱ्या गटातील भाग बदलता येतात, पण काही अटींवर. स्मृतीच्या पट्ट्यांची प्रत्येक पिढी वेगळी आहे. डीडीआर-३ च्या जागी डीडीआर-४ ची पट्टी बसत नाही, कारण खाचच वेगळ्या ठिकाणी असते. सर्व्हरमध्ये चूक सुधारणारी, म्हणजे ई.सी.सी. प्रकारची स्मृती असते. तिच्यातही रजिस्टर्ड व अनबफर्ड असे दोन प्रकार असून ते एकत्र चालत नाहीत. डिस्कच्या बाबतीतही मर्यादा आहे. जुन्या पद्धतीच्या विभाजन-तक्त्यात जागेचा क्रमांक ३२ बिटांत लिहिला जातो आणि प्रत्येक जागा ५१२ बाइटची असते. यामुळे सुमारे दोन टेराबाइटच्या पुढची जागा त्या पद्धतीत वापरता येत नाही. चार टेराबाइटची डिस्क आणून तिचा अर्धाच भाग उपयोगात येणे, हा प्रकार यामुळेच घडतो. जुन्या सर्व्हरमध्ये अशी मोठी डिस्क घेण्यापूर्वी मदरबोर्ड व नियंत्रक कार्ड ती ओळखतात काय, हे पाहिले पाहिजे.

तिसरा गट सर्वांत महत्त्वाचा आहे. त्यात मदरबोर्ड, नामांकित कंपन्यांच्या सर्व्हरमधील खास घडणीचा वीजपुरवठा संच आणि रेड नियंत्रक कार्ड यांचा समावेश होतो. हे भाग बाजारात नवे मिळेनासे झाले की वापरलेल्या मालावर विसंबावे लागते. रेड कार्डाच्या बाबतीत धोका अधिक आहे. दोन किंवा अधिक डिस्कवर माहिती कशी विभागली आहे, याची नोंद ते कार्ड आपल्या पद्धतीने ठेवते. कार्ड निकामी झाले आणि त्याच जातीचे दुसरे मिळाले नाही, तर डिस्क शाबूत असूनही माहिती वाचता येणे कठीण होते. याउलट लिनक्समधील आज्ञावलीच्या साहाय्याने केलेली रेड रचना दुसऱ्या कोणत्याही लिनक्स संगणकावर ओळखता येते.

साखळीची ताकद तिच्या सर्वांत कमकुवत कडीएवढीच असते. जुन्या सर्व्हरचे उरलेले आयुष्यही तिसऱ्या गटातील सर्वांत कमकुवत भागाएवढेच मानावे. नव्या डिस्कची हमी पाच वर्षांची असली म्हणून तेरा वर्षांचा मदरबोर्ड पाच वर्षे चालेल, असा निष्कर्ष काढता येत नाही.

३. हार्ड डिस्कचे आयुष्य

हार्ड डिस्क किती वर्षे टिकते, याविषयी २००७ मध्ये एकाच परिषदेत दोन महत्त्वाचे अभ्यास मांडले गेले. कार्नेगी मेलन विद्यापीठातील बियांका श्रोडर व गार्थ गिब्सन यांनी सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी तपासल्या. उत्पादकांच्या माहितीपत्रकानुसार वर्षाला एक टक्क्याहूनही कमी डिस्क बदलाव्या लागायला हव्यात. प्रत्यक्षात दोन ते चार टक्के हे प्रमाण सर्रास आढळले, तर काही ठिकाणी ते तेरा टक्क्यांपर्यंत गेले. वय वाढत जाईल तसे बदलाचे प्रमाणही वाढत जाते, हेही त्यांनी दाखविले.

दुसरा अभ्यास गूगलमधील संशोधकांचा होता. डिस्कच्या स्वयं-तपासणीत पृष्ठभागावरील वाचनदोष पहिल्यांदा आढळल्यानंतर पुढील साठ दिवसांत ती डिस्क बंद पडण्याची शक्यता, दोष नसलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट होती. दुसरीकडे, बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून अधिक डिस्कनी प्रमुख चार निदर्शकांपैकी एकाचीही पूर्वसूचना दिलेली नव्हती.

या दोन निष्कर्षांचा कार्यालयाच्या दृष्टीने अर्थ स्पष्ट आहे. स्वयं-तपासणीत दोष दिसला तर डिस्क त्वरित बदलावी, पण दोष दिसला नाही म्हणून निश्चिंत राहू नये. नमुना कार्यालयातील २०१२ च्या दोन्ही डिस्क आजवर चालू असतील, तर तो त्यांच्या सुस्थितीचा पुरावा मानू नये. नूतनीकरण करावयाचे ठरले तर पहिला खर्च याच भागावर व्हावा, स्मृती वाढविण्यावर नव्हे.

४. कार्यप्रणाली व सुरक्षितता

यंत्र धडधाकट असले तरी त्यावरील कार्यप्रणाली कालबाह्य झालेली असू शकते. मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हर २००३ चा पाठिंबा १४ जुलै २०१५ रोजी, विंडोज सर्व्हर २००८ आर-२ चा १४ जानेवारी २०२० रोजी, तर विंडोज सर्व्हर २०१२ चा १० ऑक्टोबर २०२३ रोजी थांबविला. पाठिंबा थांबला म्हणजे यंत्र थांबत नाही, परंतु नव्याने सापडणाऱ्या त्रुटींवरील दुरुस्त्या सर्वसाधारण ग्राहकाला मिळेनाशा होतात.

याचे परिणाम किती गंभीर असू शकतात, हे १२ मे २०१७ रोजी जगाने पाहिले. 'वॉनाक्राय' या खंडणीखोर आज्ञावलीने त्या दिवशी अनेक देशांतील संगणकांतील संचिका कुलूपबंद केल्या. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील रुग्णालयांनाही त्याचा फटका बसला. ही आज्ञावली ज्या वाटेने पसरली ती वाट म्हणजे विंडोजमध्ये संचिका सामायिक करण्याच्या एस.एम.बी. या पद्धतीची पहिली आवृत्ती होय, म्हणजे फाइल सर्व्हरचे नित्याचे कामच. विशेष म्हणजे या त्रुटीवरील दुरुस्ती १४ मार्च २०१७ रोजीच, जवळजवळ दोन महिने आधी, उपलब्ध झाली होती. ज्यांनी ती बसविली नव्हती आणि ज्यांची कार्यप्रणाली पाठिंब्याबाहेर गेली होती, ते संगणक असुरक्षित राहिले.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे जुन्या यंत्रावर पाठिंबा असलेली कार्यप्रणाली बसविणे. विंडोज ११ साठी टी.पी.एम. २.० ही सुरक्षा चीप व तुलनेने नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे २०१२ च्या यंत्रावर तो मार्ग बंद आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबाही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. लिनक्स मात्र अशा यंत्रावर चालू शकते. ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये सुरू केलेल्या 'सांबा' या मुक्त आज्ञावलीमुळे लिनक्स संगणक विंडोज संगणकांना फाइल सर्व्हर म्हणून सेवा देऊ शकतो. तिला परवाना शुल्क नाही, परंतु तिची जाण असणारी व्यक्ती महाविद्यालयात किंवा गावात असणे आवश्यक आहे.

दुसरा मार्ग नव्या संगणकाचा. येथे सर्व्हर म्हणून विकला जाणारा संगणकच घ्यावा, असे नाही. चांगला साधा संगणकही लहान कार्यालयाला पुरतो. मात्र विंडोज ११ प्रोसारख्या साध्या आवृत्तीत एकाच वेळी जास्तीत जास्त वीस उपकरणे जोडता येतात, ही मर्यादा ध्यानात ठेवावी. दहा संगणकांना ती अडचणीची नाही. पुढे प्रयोगशाळा व ग्रंथालय त्याच सर्व्हरला जोडावयाचे असतील तर मात्र ती आड येते.

नवी कार्यप्रणाली आणताना आणखी एक अडचण उद्भवते. २०१७ च्या उत्तरार्धापासून विंडोजच्या नव्या आवृत्त्यांत एस.एम.बी.ची पहिली आवृत्ती मुळात बसविलेली नसते. विंडोज एक्सपीवर चालणारा एखादा जुना संगणक, किंवा स्कॅन केलेली प्रत थेट सर्व्हरवर ठेवणारे जुने झेरॉक्स यंत्र, यांना नेमकी तीच आवृत्ती ठाऊक असते. परिणामी नवा सर्व्हर बसविल्याच्या दिवशी स्कॅनर बंद पडतो आणि दोष नव्या यंत्राला दिला जातो. अशा वेळी असुरक्षित आवृत्ती पुन्हा सुरू करणे हा सोपा, पण चुकीचा उपाय होय. स्कॅनरची जोडणी एखाद्या दुसऱ्या पद्धतीने करणे किंवा तो पेन ड्राइव्हवर वापरणे अधिक श्रेयस्कर ठरते.

५. खर्चाची तुलना : एकूण नव्हे, वार्षिक

अठरा हजारांचे नूतनीकरण आणि साठ हजारांची खरेदी यांत नूतनीकरण स्वस्त, असा समज प्रथमदर्शनी होतो. परंतु तुलना वर्षागणिक खर्चाची व्हावयास हवी. त्यासाठी यंत्राचे आयुष्य आणि विजेचा वापर, दोन्ही हिशेबात घ्यावे लागतात. आयुष्याच्या बाबतीत एक उपयुक्त मापदंड कंपनी अधिनियम २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीत मिळतो. त्यात सर्व्हर व नेटवर्कचे उपयुक्त आयुष्य सहा वर्षे, तर डेस्कटॉप व लॅपटॉपसारख्या साधनांचे तीन वर्षे धरले आहे. हा नियम महाविद्यालयांसाठी नाही, तथापि विचारासाठी आधार म्हणून तो घेता येतो. पुढील हिशेबात नव्या यंत्राला सर्व्हरचे सहा वर्षांचे आयुष्य लावले आहे. साधा डेस्कटॉप घेतल्यास त्याचे आयुष्य कमी धरून हाच हिशेब पुन्हा करावा.

पुढील आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून गृहीत धरले आहेत. जुना सर्व्हर १२० वॅट, तर नवा संगणक ३० वॅट वीज घेतो आणि विजेचा दर प्रति युनिट दहा रुपये आहे, असे मानू.

तक्ता क्र. १ : सर्व्हर रात्रंदिवस, वर्षभर चालू असल्यास
जुना, नूतनीकरण १८,००० रु., उरलेले आयुष्य २ वर्षे : यंत्र ९,००० + वीज १०,५१२ = वार्षिक १९,५१२ रु.
नवा, किंमत ६०,००० रु., आयुष्य ६ वर्षे : यंत्र १०,००० + वीज २,६२८ = वार्षिक १२,६२८ रु.

तक्ता क्र. २ : सर्व्हर दिवसाला ९ तास, वर्षातून २८० दिवस चालू असल्यास
जुना, उरलेले आयुष्य २ वर्षे : यंत्र ९,००० + वीज ३,०२४ = वार्षिक १२,०२४ रु.
जुना, उरलेले आयुष्य ४ वर्षे : यंत्र ४,५०० + वीज ३,०२४ = वार्षिक ७,५२४ रु.
नवा, आयुष्य ६ वर्षे : यंत्र १०,००० + वीज ७५६ = वार्षिक १०,७५६ रु.

या तक्त्यांवरून तीन गोष्टी दिसून येतात. सर्व्हर चोवीस तास चालत असेल तर विजेचे देयकच नव्या यंत्राच्या बाजूने कौल देते. तो कार्यालयीन वेळेपुरता चालत असेल आणि उरलेले आयुष्य दोनच वर्षांचे असेल, तर दोन्ही पर्याय जवळजवळ सारखे ठरतात, अशा वेळी सुरक्षिततेच्या निकषावर निर्णय घ्यावा. आणि जुने यंत्र आणखी चार वर्षे निर्धोक चालेल अशी खात्री असेल, तर नूतनीकरणच काटकसरीचे ठरते. म्हणजे सर्व हिशेब 'आणखी किती वर्षे' या एका प्रश्नावर येऊन थांबतो, आणि त्याचे उत्तर दरपत्रकात नसते. ते वर सांगितलेल्या तिसऱ्या गटातील भागांत व कार्यप्रणालीच्या पाठिंब्यात असते. प्रत्येक कार्यालयाने आपल्या सर्व्हरचा वीजवापर मापकाने मोजून व आपला वीजदर घेऊन हा हिशेब स्वतः करावा.

६. जुने मराठी दस्तऐवज : दुर्लक्षित निकष

परभाषेतील मार्गदर्शनात न आढळणारी, पण महाराष्ट्रातील कार्यालयांच्या दृष्टीने अत्यंत महत्त्वाची बाब म्हणजे जुन्या मराठी संचिकांची. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश असला तरी कार्यालयांतील मराठी टंकलेखन पुढे अनेक वर्षे श्रीलिपी, आय.एस.एम. यांसारख्या आज्ञावल्यांच्या स्वतंत्र फाँटमध्ये होत राहिले. त्या पद्धतीत संचिकेत मराठी अक्षर साठविलेले नसते. रोमन अक्षराच्या सांकेतिक क्रमांकावर मराठी आकार बसविलेला असतो. तो विशिष्ट फाँट नव्या संगणकावर नसेल तर ठराव, नियुक्तिपत्र किंवा गुणवत्ता यादी उघडल्यावर निरर्थक रोमन चिन्हांची रांग दिसते. माहिती नष्ट झालेली नसते, पण ती वाचताही येत नाही.

जुन्या आज्ञावल्यांचेही तसेच आहे. डॉसवर चालणाऱ्या फॉक्सप्रोमध्ये तयार केलेली वेतन किंवा परीक्षा आज्ञावली ६४ बिटांच्या विंडोजवर थेट चालत नाही, आणि विंडोज ११ तर केवळ ६४ बिटांतच उपलब्ध आहे. काही आज्ञावल्यांना प्रिंटरच्या जुन्या पोर्टमध्ये लावावयाचे कुलूप लागते. ते पोर्ट नव्या संगणकाला बहुधा नसते.

त्यामुळे नव्या यंत्राकडे जाण्यापूर्वी तीन कामे उरकावीत. जुन्या संगणकांवरील सर्व फाँट व त्यांच्या मूळ तबकड्या जपून ठेवाव्यात. कायम जतन करावयाच्या संचिका फाँट अंतर्भूत केलेल्या पी.डी.एफ. स्वरूपात उतरवाव्यात, आणि ज्यांत पुढे शोध किंवा दुरुस्ती करावी लागेल त्यांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून नावे व आकडे मूळ प्रतीशी ताडून पाहावेत. रूपांतरात जोडाक्षरे व रफार बिघडण्याचा संभव असतो आणि नावातील एका अक्षराच्या फरकाने विद्यार्थ्याच्या दाखल्याचा प्रश्न निर्माण होऊ शकतो. तिसरे काम म्हणजे जुन्या आज्ञावलीतील तक्ते साध्या मजकुराच्या स्वरूपात बाहेर काढणे. ही कामे जुना सर्व्हर चालू असतानाच होऊ शकतात. तो बंद पडल्यावर त्यांची किंमत अनेक पटींनी वाढते.

७. बॅकअप : दोन्ही पर्यायांची पूर्वअट

दोन डिस्कवर एकच माहिती लिहिणाऱ्या रेड-१ रचनेलाच बॅकअप समजण्याची चूक सर्रास होते. ही रचना एका डिस्कच्या बिघाडापासून संरक्षण देते, परंतु लिपिकाने चुकून पुसलेली संचिका दुसऱ्या डिस्कवरूनही त्याच क्षणी पुसली जाते. खंडणीखोर आज्ञावलीने कुलूपबंद केलेल्या संचिकाही दोन्हीकडे सारख्याच कुलूपबंद होतात. विजेचा अचानक चढलेला दाब तर दोन्ही डिस्क एकाच वेळी निकामी करू शकतो.

यासाठी तीन-दोन-एक हा संकेत सांगितला जातो : माहितीच्या तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक प्रत इमारतीबाहेर. लहान महाविद्यालयाला हे दोन बाह्य डिस्कच्या साहाय्याने साधता येते. एक डिस्क कार्यालयाच्या तिजोरीत व दुसरी अन्य इमारतीत ठेवावी, दर आठवड्याला त्यांची अदलाबदल करावी आणि प्रत घेऊन झाली की डिस्क सर्व्हरपासून वेगळी करावी. सत्रातून किमान एकदा त्या प्रतीवरून काही संचिका प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात. जी प्रत कधी उघडून पाहिलेली नाही, तिच्यावर विसंबता येत नाही.

निर्णयाचा क्रम

वरील विवेचनावरून खरेदी समितीने पुढील क्रमाने विचार करावा, असे सुचविता येईल.

१. माहितीची तपासलेली दुसरी प्रत आहे काय? नसल्यास इतर सर्व खर्च बाजूला ठेवून ती प्रथम तयार करावी.
२. तक्रार वेगाची असल्यास अडथळा नेटवर्कमध्ये आहे की डिस्कमध्ये, हे मोजून पाहावे.
३. सध्याच्या यंत्रावर पाठिंबा असलेली कार्यप्रणाली चालू शकते काय आणि ती सांभाळणारी व्यक्ती उपलब्ध आहे काय? दोहोंपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी असल्यास नवी खरेदी करावी.
४. मदरबोर्ड, वीजपुरवठा संच व रेड कार्ड यांचे पर्यायी भाग मिळतात काय? मिळत नसल्यास जुन्या यंत्रावर मोठा खर्च करू नये.
५. येथवर उत्तरे अनुकूल असतील तरच वार्षिक खर्चाची तुलना करून नूतनीकरणाचा निर्णय घ्यावा.

नमुना कार्यालयाला हा क्रम लावला असता असे दिसते की, लिनक्सची जाण असणारी व्यक्ती उपलब्ध नसेल तर तिसऱ्याच प्रश्नावर नव्या खरेदीचा निर्णय होतो. ती उपलब्ध असेल आणि कार्यालयीन वेळेपुरताच सर्व्हर चालत असेल, तर दोन नव्या डिस्क व गिगाबिट स्विच एवढ्या खर्चात काही काळ निभावता येईल. मात्र त्या काळात नव्या यंत्राची तरतूद अंदाजपत्रकात करून ठेवावी.

जुन्या सर्व्हरची विल्हेवाट

नवे यंत्र आल्यावर जुने लगेच टाकून देऊ नये. सर्व संचिका उघडतात, छपाई होते व जुन्या आज्ञावल्यांतील तक्ते वाचता येतात, याची खात्री होईपर्यंत किमान एक पूर्ण सत्र ते नेटवर्कपासून तोडून जपून ठेवावे. त्यानंतर जडवस्तू संग्रह नोंदवहीतून त्याचे रीतसर निर्लेखन करावे. निर्लेखनापूर्वी डिस्कवरील माहिती कायमची नष्ट करणे अगत्याचे आहे. केवळ फॉरमॅट केल्याने ती नष्ट होत नाही. हार्ड डिस्कवर पूर्ण पुनर्लेखन करावे किंवा ती यांत्रिकरीत्या निकामी करावी. विद्यार्थ्यांची जात प्रमाणपत्रे, बँक खाते क्रमांक व कर्मचाऱ्यांच्या वेतनाचे तपशील असलेली डिस्क भंगाराच्या वजनात जाणे ही गंभीर बाब आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ नुसार असे साहित्य नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच सोपवावे.

निष्कर्ष

जुन्या सर्व्हरचे नूतनीकरण की नव्या संगणकाची खरेदी, या प्रश्नाला सर्वत्र लागू पडणारे एकच उत्तर नाही. फाइल सर्व्हरला मोठ्या गणनशक्तीची गरज नसल्याने केवळ जुना म्हणून तो टाकाऊ ठरत नाही. त्याचप्रमाणे केवळ चालू आहे म्हणून तो विश्वासार्हही ठरत नाही. ज्या यंत्राची कार्यप्रणाली पाठिंब्याबाहेर गेली आहे आणि ज्याचे मुख्य भाग बाजारात मिळत नाहीत, त्यावर स्मृती व डिस्क वाढविण्याचा खर्च करणे म्हणजे पाया खचलेल्या घराला रंग देण्यासारखे होय. मात्र ज्याचा पाया भक्कम आहे, त्यात नव्या डिस्क बसवून आणखी काही वर्षे काम घेणे ही योग्य काटकसर आहे. यंत्र बाजारातून पुन्हा विकत घेता येते. विद्यार्थ्याची गुणनोंद आणि कर्मचाऱ्याची सेवानोंद मात्र विकत मिळत नाही. म्हणून दरपत्रके मागविण्यापूर्वी, त्याच आठवड्यात, माहितीची दुसरी प्रत तयार करून ती उघडून पाहणे हेच या निर्णयाचे पहिले पाऊल असले पाहिजे.